सेकंड हँड पोर्श कायेन घेण्याआधी: काय तपासायचं, कुठली टाळायची, किती पैसे राखून ठेवायचे

दहा-बारा वर्षं जुनी पोर्श कायेन आज नव्या फॉर्च्युनरपेक्षा कमी पैशात मिळते. मराठवाड्यात जमिनीचे, गुत्तेदारीचे किंवा आडतीचे चार पैसे हातात आले की अशा गाडीवर नजर जाणं साहजिक आहे, आणि त्यात वावगं काही नाही. गाडी खरोखर उत्तम आहे. दोन टनांहून जड असलेली ही गाडी वळणावर जशी बसते तशी तिच्या वर्गातली दुसरी क्वचितच बसते. पण व्यवहाराला बसण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या: गाडीची किंमत दरवर्षी पडते, तिच्या पार्टांची पडत नाही. पंचवीस लाखांत घेतलेल्या कायेनला लागणारा एअर सस्पेन्शनचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी पेलणारा खांब, कोटीच्या गाडीचाच असतो. त्यामुळे 'केवढ्याला मिळते' हा प्रश्न दुसरा. 'हिच्यावर आधीच्या मालकाने काय खर्च केला आणि काय करायचं टाळलं' हा पहिला.

आधी गॅरेज ठरवा, मग गाडी

बहुतेक जण उलटं करतात. गाडी आणतात आणि मग फिटर शोधतात.

छत्रपती संभाजीनगरने ऑक्टोबर २०१० मध्ये एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा तो सौदा देशभर गाजला. त्याचा एक उपयोग असा झाला की मर्सिडीजवर हात बसलेले मिस्त्री इथे सापडतात. पोर्शचं तसं नाही. अधिकृत सर्व्हिससाठी मराठवाड्याबाहेरच जावं लागतं, बहुतेकांना मुंबईच गाठावी लागते. संभाजीनगरहून ते साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं, लातूरहून पाचशेच्या घरात, नांदेडहून त्याहून बरंच पुढे. नांदेड, उदगीर, देगलूरकडच्या लोकांना हैदराबाद जवळ पडतं. तिथे पोर्श, आउडी, बीएमडब्ल्यू उघडणारी चांगली खासगी गॅरेजं आहेत आणि बरेच जण तिथेच जातात.

म्हणून पहिली पायरी ही: तुमच्या गावाजवळचं असं गॅरेज शोधा जिथे पोर्शच्या सगळ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, शिरणारा स्कॅनर आहे, गाडी उचलायला लिफ्ट आहे आणि ज्याने आधी कायेन किंवा फोक्सवॅगन तुआरेग खोललेली आहे. तुआरेग आणि आउडी क्यू ७ या कायेनच्या सख्ख्या बहिणी आहेत, खालचा बराचसा भाग समान आहे. त्यामुळे क्यू ७ वर काम केलेला माणूस कायेनला घाबरत नाही. त्या माणसाला आधीच सांगून ठेवा की गाडी तपासायला आणणार आहे, तपासणीचे पैसे देणार आहे. पैसे घेऊन तपासणारा माणूस तुमच्या बाजूने बोलतो.

आणि क्रेनवाल्याचा नंबर हवा, तोही फ्लॅटबेडवाल्याचा. आपल्याकडे गाडी बंद पडली की ट्रॅक्टरला नाहीतर पिकअपला दोर बांधून टोचन करून नेतात. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या या गाडीला तसं ओढलं, किंवा पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर घासत नेली, तर ट्रान्सफर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीचं, नुकसान होऊ शकतं. साध्या बिघाडाचं मोठं काम तिथे होतं.

कुठली कायेन

पहिली पिढी २००२ ला आली. त्यात २००६ पर्यंतची एक आवृत्ती आणि २००७ ते २०१० ची सुधारित दुसरी. पोर्शवाले त्यांना ९५५ आणि ९५७ म्हणतात. दुसरी पिढी म्हणजे ९५८, ती २०१० ते २०१८ पर्यंत चालली आणि मध्ये २०१४ च्या अखेरीस तिचा चेहरा आणि काही इंजिनं बदलली. २०१८ पासून तिसरी पिढी. ती आपल्या चर्चेत फारशी येत नाही, कारण तिचे भाव अजून चढेच आहेत.

९५५ आणि ९५७ बद्दल माझं मत सरळ आहे: घेऊ नका. कारण एकच नाही. एक तर या गाड्यांची १५ वर्षांची नोंदणी संपलेली आहे, त्यामुळे पुनर्नोंदणी, पर्यावरण कर आणि दर पाच वर्षांनी फिटनेस आलाच. दुसरं, ४.५ लिटरच्या व्ही ८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनात कूलंट वाहून नेणारे पाइप प्लास्टिकचे आहेत आणि ते दोन्ही सिलिंडर रांगांच्या मधल्या खोबणीत, हवा आत घेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेले आहेत. इंजिनातली सगळ्यात तापट जागा तीच. प्लास्टिक वर्षानुवर्षं भाजून ठिसूळ होतं आणि एके दिवशी फुटतं. कंपनीने नंतर ॲल्युमिनियमचे पाइप आणले. ते बसवल्याचं बिल नसेल तर बसवलेले नाहीत असंच धरून चाला.

लातूरला आडत असलेला माझा मावसभाऊ हैदराबादहून अशी गाडी घेऊन निघाला होता. विकणाऱ्याने जाता जाता सांगितलं, "पाणी थोडं कमी होतं, टाकत राहा." उदगीरच्या अलीकडे तापमानाचा काटा चढला, खालून वाफ आली. त्याने तिथल्या तिथे इंजिन बंद केलं आणि परत चालू केलं नाही, म्हणून इंजिनाचं हेड वाचलं. मिस्त्रीने इनटेक उतरवला तेव्हा मी तिथे उभा होतो. पाइपाचं तोंड त्याने पकडीने धरलं आणि ते चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं हातात आलं. उरलेले तुकडे इंजिनाच्या भोकातून एक एक करून खरवडून काढावे लागले. नवे पाइप, गॅस्केट, थर्मोस्टॅट आणि मजुरी धरून जो आकडा झाला त्यात एक बऱ्यापैकी सेकंड हँड छोटी गाडी आली असती.

याच दोन आवृत्त्यांच्या व्ही ८ मध्ये सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याचा आजार आहे. लक्षणं ओळखता येतात: इंजिन तापल्यावरही न जाणारी टिक-टिक, वाढलेला ऑइलचा खप, आणि एका बाजूच्या सायलेन्सरचं तोंड दुसऱ्यापेक्षा काळंकुट्ट. स्पार्क प्लग काढून आत छोटा कॅमेरा घालून बघितल्याशिवाय हे पक्कं होत नाही. आणि झालं असेल तर त्या इंजिनावर खर्च करण्यात अर्थ उरत नाही.

म्हणजे शोध ९५८ मध्ये घ्यायचा. तिथेही इंजिनागणिक वेगळी कथा आहे.

तीन लिटरचं व्ही ६ डिझेल मराठवाड्याला सगळ्यात जास्त मानवतं. ताकद साधारण २४५ हॉर्सपॉवर, टॉर्क भरपूर, महामार्गावर खप सोसण्याजोगा. हेच इंजिन आउडी आणि तुआरेगमध्ये आहे, त्यामुळे पार्ट आणि माणूस दोन्ही सापडतात. त्याची दुखणी दोन. टायमिंग चेन इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड ऐकू आली तर तिथे हात घालावा लागणार आणि ते काम मोठं. दुसरं, डिझेलचा हाय प्रेशर पंप. डिझेलमध्ये पाणी किंवा घाण आली की या पंपाच्या आतला धातू खरवडला जातो आणि त्याचा चुरा टाकीपासून इंजेक्टरपर्यंत पसरतो. मग नुसता पंप बदलून भागत नाही, सगळी इंधन व्यवस्था बदलावी लागते. म्हणून डिझेल फिल्टर कधी बदलला हे विचाराच, आणि गाडी घेतल्यावर आडगावच्या पंपावर, विशेषतः पावसाळ्यात, टाकी भरू नका.

३.६ लिटरचं साधं व्ही ६ पेट्रोल हे दुसरं शहाणपणाचं इंजिन. टर्बो नाही, भानगडी कमी. पळायला मात्र ते तुम्हाला पोर्श वाटणार नाही.

४.८ लिटरचं व्ही ८, म्हणजे कायेन एस, जीटीएस आणि टर्बो. टर्बोत ५०० हॉर्सपॉवर आहेत, आणि ज्याने एकदा ती दाबली त्याला मी काय समजावणार! पण ९५८ च्या सुरुवातीच्या व्ही ८ गाड्यांमध्ये कॅमशाफ्ट ॲडजस्टरचे बोल्ट सैल होण्याचा दोष निघाला होता, त्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या. ते काम झालेलं आहे का हे चेसिस नंबरवरून अधिकृत सेंटरमध्ये विचारता येतं. कूलंटचे काही जोड या इंजिनात चिकटवलेले असतात आणि उष्णतेने सुटतात. टर्बो घ्यायचीच असेल तर ती घरातली एकमेव गाडी नसावी.

२०१५ नंतरच्या कायेन एसमध्ये ३.६ लिटरचं दोन टर्बोंचं व्ही ६ आहे, ४२० हॉर्सपॉवरचं. हे चांगलं इंजिन आहे. टायमिंग कव्हरच्या कडेने ऑइल पाझरतं का ते लिफ्टवर चढवून बघा. थेंब लहान दिसतो, पण तो थांबवायला इंजिन उतरवावं लागू शकतं.

आणखी एक पर्याय आवर्जून विचारा: स्टीलच्या स्प्रिंगची कायेन. एअर सस्पेन्शन सगळ्याच गाड्यांना नसतं. साध्या व्ही ६ आणि डिझेलमध्ये स्प्रिंगवाल्या गाड्या मिळतात. आपले गतिरोधक, उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आणि ४२-४३ अंशांचा उन्हाळा बघता माझी पसंती स्प्रिंगलाच.

थंड गाडीपाशी

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा की गाडी चालू न करता ठेवा, सकाळी येतो. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर कारण विचारा, पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिनच खरं बोलतं.

बॉनेट उघडून कूलंटच्या टाकीचं झाकण काढा. हे फक्त थंड इंजिनावर, नाहीतर तोंड भाजेल. आत गुलाबीसर कूलंट दिसायला हवं. झाकणाच्या आत आणि टाकीच्या काठावर पांढरा, खडूसारखा थर दिसला तर समजा की गाडीने बोअरचं पाणी प्यायलेलं आहे. आपल्या भागातलं बोअरचं पाणी किती जड असतं हे गिझरची कॉइल बघितलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तोच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत, हीटरमध्ये, वॉटर पंपाच्या पंख्यावर बसतो. मला विचाराल तर हा पांढरा थर रंगाच्या दहा ओरखड्यांपेक्षा वाईट. ओरखडा बाहेर असतो. कूलंटऐवजी पाणी टाकणाऱ्या मालकाने बाकी ठिकाणी काय केलं असेल याचा अंदाज त्या थरावरून येतो.

मग टॉर्च घेऊन पुढच्या जाळीतून आत बघा. रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरमध्ये धूळ, पाचट, किडे यांचा गालिचा असेल तर गाडी तापणारच. टर्बो गाड्यांत दोन्ही कोपऱ्यांत इंटरकूलर असतात, तेही बघा.

पुढच्या सीटखालची चटई उचला. कायेनची बॅटरी आणि काही इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल खाली आहेत. सनरूफच्या नळ्या धुळीने आणि लिंबाच्या पाल्याने तुंबल्या की पावसाचं पाणी कार्पेटखाली उतरतं. बोटाने दाबून बघा, वास घ्या. ओल असेल तर दोन शक्यता: नळ्या तुंबल्यात, किंवा गाडी पुरात उभी होती. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जे पाणी आलं, त्यात असंख्य गाड्या भिजल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, खालच्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटचे रूळ आणि बोल्ट गंजलेत का, स्पेअर चाकाच्या खड्ड्यात मातीचा थर आहे का, हे पाहा. बुडालेली कायेन कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

एअर सस्पेन्शन असेल तर गाडी सपाट जागी सगळ्यात उंच पातळीवर न्या, बंद करा आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने मोजा. आकडे लिहून ठेवा. रात्रभर ठेवता आली तर उत्तम, नाहीतर निदान चार-पाच तास. परत मोजल्यावर एखादा कोपरा खचलेला असेल तर तिथला स्ट्रट गळतोय. कोपरे जागेवर आहेत पण हवा भरणारा कॉम्प्रेसर बराच वेळ घरघरतोय, तर तो दमलेला आहे. गळका स्ट्रट न बदलता कॉम्प्रेसर बदलला तर नवाही लवकर जातो. विकणाऱ्याने नुसता कॉम्प्रेसर बदलल्याचं बिल अभिमानाने दाखवलं तर हे आठवा.

टायर

टायरला वेगळी जागा देतोय कारण इथे लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात. कायेनची ट्रान्सफर केस पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद सतत वाटत असते. चार चाकांपैकी दोन नवी आणि दोन झिजलेली असतील तर त्यांचा घेर वेगळा, फेरे वेगळे, आणि तो फरक ट्रान्सफर केसच्या क्लचला पूर्ण वेळ पेलावा लागतो. समृद्धीवर टायर फुटला, जवळच्या दुकानात मिळाला तो बसवला, असं अनेक गाड्यांचं झालेलं असतं. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. टायरच्या भिंतीवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांवरचा टायर घेऊन उन्हाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावर १२० ने जाऊ नका.

चालवून बघताना

पिकअप बघायची हौस शेवटी. आधी गर्दीत हळू चालवा. गुलमंडीकडच्या गर्दीत अर्धा तास, किंवा तुमच्या गावच्या बाजारपेठेत. वीस ते चाळीसच्या वेगात, वळणातून बाहेर पडताना हलकासा ॲक्सिलरेटर द्या. गाडी बारीक हिसके देत असेल, रस्त्यावर नसलेले छोटे उंचवटे जाणवत असतील तर तो ट्रान्सफर केसचा आजार. ९५८ मध्ये तो इतका सर्वज्ञात आहे की अमेरिकेत कंपनीने त्या भागाची वॉरंटी वाढवून दिली होती. विकणारे याला 'गिअरचं ऑइल बदलायचं झालंय' म्हणतात. ट्रान्सफर केसचं ऑइल बदलल्यावर हिसके काही महिने जातात हे खरं, आणि म्हणूनच विक्रीआधी ते बदललेलं असू शकतं. अलीकडचं बिल बघितलं तर कौतुक करण्याआधी कारण विचारा.

गिअरबॉक्स आठ गिअरचा ऑटोमॅटिक आहे आणि तो मजबूत आहे. ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही या बोलण्यावर जाऊ नका. लाख किलोमीटरच्या आसपास ते बदललेलं असलेली गाडी मला जास्त विश्वासाची वाटते. जुन्या ९५५-९५७ मध्ये सीटच्या खालून, गाडीच्या मध्यातून धपधप आवाज आला तर मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचं रबर फाटलेलं असतं.

आता महामार्ग. सावंगीहून समृद्धीवर चढून जालन्याला उतरलात तर पुरेसं होतं. शंभरच्या पुढे ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या. उतरल्यावर लगेच इंजिन बंद न करता एसी पूर्ण लावून दहा मिनिटं उभी ठेवा. भर दुपारी, उभ्या गाडीत, तापमानाचा काटा हलतो का आणि एसी गार राहतो का, हीच मराठवाड्यातली खरी परीक्षा. पिवळे ब्रेक कॅलिपर दिसले तर गाडीला सिरॅमिक ब्रेक आहेत. त्यांच्या डिस्क बदलण्याचा खर्च ऐकून मगच बोलणी करा.

लिफ्ट आणि स्कॅनर

इथे तुमच्या ठरवलेल्या गॅरेजची वेळ येते. विकणारा गाडी तिथे न्यायला नाही म्हणाला तर व्यवहार तिथेच संपवा.

स्कॅनरवर फक्त चुकांचे कोड बघून थांबू नका. इंजिनच्या कंट्रोल युनिटमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं याची नोंद असते. किलोमीटरला तासांनी भागा. मीटरवर ६०,००० आणि तास ३,५०० असतील तर सरासरी १७ येते. गाडी आयुष्यभर मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये होती तर ते शक्य आहे. पण विकणारा "सगळं हायवे रनिंग आहे" म्हणत असेल तर मीटर मागे फिरवलेलं आहे. बाकीच्या काही मॉड्यूलमध्येही किलोमीटर नोंदलेले असतात, ते जुळतात का ते बघायला सांगा. कोड एकही नसेल आणि ते नुकतेच पुसलेले दिसत असतील तर गाडी एक-दोन दिवस चालवून परत लावा.

लिफ्टवर खालचं कव्हर काढायला लावा. कव्हर न काढता केलेली तपासणी अर्धीच. चेंबर (इंजिन ऑइलची खालची टाकी), ट्रान्सफर केस, पुढचा आणि मागचा डिफरन्शियल, शॉकअप, आर्मचे बुश यांवर ओल बघा. चेंबरला वेल्डिंग केलेलं दिसलं तर खाली दगड लागलेला आहे. चेसिसच्या पुढच्या दांड्यांवर रंगाचा वेगळा पोत किंवा घासल्याच्या खुणा असतील तर गाडी ठोकलेली आहे.

मार्च २०१६ मध्ये ब्रेक पेडलच्या यंत्रणेतल्या क्लिपसाठी जगभरातल्या चार लाखांहून अधिक कायेन परत बोलावल्या होत्या, २०११ ते २०१६ दरम्यानच्या. तुमच्या चेसिस नंबरवर ते काम बाकी आहे का हे विचारून घ्या. चेसिस नंबरचं दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं: बी म्हणजे २०११, सी २०१२, डी २०१३, ई २०१४. आरसीवर २०१३ ची नोंद आणि चेसिसवर सी असेल तर भाव २०१२ चाच लावा.

कायेन नको असेल तर

थोडक्यात सांगतो. मर्सिडीजची तीन लिटर व्ही ६ डिझेल एमएल किंवा जीएल आपल्या भागात सांभाळायला सगळ्यात सोपी. तिच्या इंजिनाच्या खोबणीतल्या ऑइल कूलरचे सील गळतात, एवढं माहीत असू द्या. सील किरकोळ, मजुरी भारी. बीएमडब्ल्यू एक्स ५ ची तीन लिटर डिझेल चांगली, पण तिच्या ४.४ लिटर दोन टर्बोंच्या व्ही ८ च्या सुरुवातीच्या गाड्या ऑइल पितात, त्यांपासून लांब राहा. रेंज रोव्हर स्पोर्टला रुबाब सगळ्यांत जास्त, हे मान्य. तिच्या तीन लिटर डिझेलमध्ये क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग जाण्याच्या तक्रारी जगभर आहेत, आणि ते झालं की इंजिनच बदलावं लागतं. वॉरंटीशिवाय ती घ्यायला मी कुणालाच सांगणार नाही.

कागद

परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, बोजा आहे का, चलनं किती बाकी, विमा कधीपर्यंत, हे आधी बघा. बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची ना हरकत म्हणजे फॉर्म २८. अशा महागड्या गाड्या बऱ्याचदा कंपनीच्या नावावर असतात. तेव्हा विकणाऱ्या माणसाला सहीचा अधिकार देणारा कंपनीचा ठराव मागा.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त का मिळतात? तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१५ च्या हरित लवादाच्या आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी बंधनं आली, म्हणून त्या बाहेर विकायची घाई सुरू झाली. गाडी वाईटच असते असं नाही. मात्र महाराष्ट्रात आणल्यावर इथला रोड टॅक्स भरावा लागतो, आणि तो मूळ किमतीवरून वयाप्रमाणे काढतात. कोटीच्या गाडीचा आकडा आधी एमएच २०, २४ किंवा २६, जे तुमचं पासिंग असेल त्या आरटीओत काढून घ्या, मगच स्वस्त की महाग ते ठरवा. हैदराबादची गाडी असेल तर 'टीएस (तेलंगणा) पासिंगवरच चालवू' हा सल्लाही मिळेल. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीची नव्याने नोंदणी सक्तीची आहे, आणि अपघाताच्या क्लेमच्या वेळी ही ढिलाई नडते.

डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत विक्रेता प्रमाणपत्र आहे का विचारा, एप्रिल २०२३ पासून ते लागतं. इसार देताना कागदावर लिहून घ्या की तपासणीत मोठा दोष निघाला तर रक्कम परत. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याने मनाई आहे, म्हणून बँकेतूनच द्या. विकणाऱ्याच्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचा दाखला मागवा. बोनस त्याचाच राहतो, पण मागच्या काही वर्षांत क्लेम झाला होता का ते त्यावरून कळतं.

भाव आणि पहिला महिना

सर्व्हिसची फाइल असलेली गाडी दोन-तीन लाख महाग असली तरी तीच घ्या. फाइल म्हणजे शिक्क्यांचं पुस्तक नव्हे, बिलं. कोणत्या किलोमीटरला कोणता पार्ट, कुठल्या गॅरेजला. तपासणीत जे निघालं त्याचं अंदाजपत्रक गॅरेजकडून लेखी घ्या आणि ती रक्कम भावातून वजा करून बोला. खरेदी किमतीच्या पंचवीस-तीस टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येत नसेल तर एक पायरी खालची गाडी बघा, किंवा एक वर्ष थांबा. कर्ज काढून गाडी आणि दुरुस्तीलाही कर्ज, यात मी चांगली चालणारी घरं अडचणीत आलेली पाहिली आहेत.

गाडी दारात आल्यावर पहिल्या महिन्यात, मागच्या मालकाने काहीही सांगितलं तरी, हे करून घ्या: इंजिन ऑइल आणि फिल्टर, डिझेल असेल तर डिझेल फिल्टर, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल, ब्रेक ऑइल, आणि जुनं कूलंट पूर्ण काढून कंपनीच्या प्रतीचं नवं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून. सनरूफच्या नळ्या हवेने साफ करा. बॅटरी जुनी असेल तर बदला आणि नवी बॅटरी स्कॅनरवरून गाडीला नोंदवून द्या, कारण अशक्त बॅटरीमुळे या गाड्या नसलेले दोष दाखवतात. पेट्रोल गाडी असेल तर आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे हे लक्षात ठेवून इंधनाचे रबरी पाइप तपासून घ्या आणि गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका. पुढे ऑइल दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल ते. विम्याचं नाव १४ दिवसांच्या आत बदलून घ्या, इंजिनचं जादा संरक्षण मिळत असेल तर ते जोडा, आणि डिकीत दोन लिटर तयार कूलंटचा कॅन कायम ठेवा.